रिकामा खिळा

शुक्रवारी असरनंतर, अजमानच्या जुन्या ट्रकअड्ड्यामागे
वाळूवर पाणी मारलं की आखाडा होतो.
पोरं म्हणतात, वस्ताद, तुम्हीच सांगा,
कुट्टीहसनच्या सलूनच्या भिंतीवर
आता कुणाचा फोटो लावायचा?

तीन खिळे भरलेत.
पहिल्यावर शौकत. चौपन्न कुस्त्या निकाली.
असतील. त्यातल्या अकरा नुरा,
पडणारा पडायच्या आधीच श्वास सोडायचा.
दुसरा देखणा आहे, आरशासमोर बरा दिसतो.
तिसऱ्याचा ढाक खरा. त्याच्याविषयी बोलायचं नाही.

चौथ्यासाठी माझं म्हणणं ऐका.
बेडगचा हणमा, दिवसभर प्लास्टर मारणारा,
आणि मुजफ्फरगढचा अल्लादित्ता, खजुराच्या गोदामातला.
बावीस मिनिटं.
हणम्यानं पट काढला, त्यानं दस्ती ओढून फिरवला,
एकलांगी बसली, सुटली,
कानात वाळू, पाठ कुणाचीच नाही.

तेवढ्यात बलदियाची पांढरी गाडी वळली.
पळालो सगळे.
टोपीतले दिऱ्हाम सांडून, चपला टाकून,
मीही. वस्ताद म्हणवणारा.

कंटेनरआडून पाहिलं तर
ते दोघं तसेच, मानेत मान.
आधी सोडणार कोण, एवढंच उरलेलं.
इन्स्पेक्टर हात मागे बांधून
बघतच उभा.

निकाल नाही. फोटोही नाही,
काढणारे आम्हीच, पळत होतो.

कुट्टीहसन म्हणतो, फोटोशिवाय काय लावू?
चौथ्या खिळ्यावर तो ओला टॉवेल टांगतो.
एसीत तो दिवसभर वाळत नाही.