हेही पाहा

एकतीस वर्षं मी कार्डं लिहिली.
आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव.
सेंट्रल लायब्ररीत डोक्यावर काचेची फरशी,
वरच्या मजल्यावरून कोण चाललंय
ते तळव्यांच्या सावलीवरून कळायचं.
त्याला नाव लागत नसे.

एका उन्हाळ्यात अलकापुरीतले कुणी डॉक्टर वारले
आणि चीनच्या इतिहासाची तीन खोकी आमच्याकडे आली.
पहिल्या खोक्यात हान शिन.
दुसऱ्यातही हान शिन.
म्हटलं, एक माणूस, एक कार्ड.
पान उलटलं तर हा सेनापती,
पोरवयात नदीकाठच्या धोबिणीच्या भातावर जगलेला;
आणि तो राजवंशातला, उंचापुरा,
सीमेवर नेमलेला, पुढे शत्रूला मिळालेला.
एकाच सम्राटाच्या पदरी दोघं.
दरबारात हाक आली की
कोणाची मान आधी वळत असेल?

पंड्यासाहेब म्हणाले, "सन टाका ना, कारखानीस,
जन्म-मृत्यू. आपोआप वेगळे पडतील."
जन्म दोघांचेही कुणी नीट लिहून ठेवले नव्हते.
मृत्यू एकाच वर्षी,
इसवीसनापूर्वी एकशे शहाण्णव.
एक राजवाड्यात, घंटांच्या दालनात, फसवून बोलावून.
एक रणात.
मी पेनाला टोपण लावलं आणि चहाला गेलो.

या शहरात आणखी एक मुकुंद कारखानीस होता.
मी दांडिया बाजारचा, तो बाबाजीपुऱ्याचा.
त्याचं विजेचं बिल मी दोनदा भरलं.
मला सांगून आलेलं एक स्थळ त्याच्या दारात गेलं
(बरं झालं की वाईट, ते आता राहू दे).
आणि चौऱ्याहत्तर साली, शहर पेटलेलं असताना,
बसवर दगड मारणाऱ्यांत त्याचं नाव आलं.
म्हणजे माझंही.

आई शिवणयंत्रावर होती.
शेजारच्या मंगूबेन सांगून गेल्या,
तुमच्या मुकुंदला पोलिसांनी नेलं, ड्रायव्हरचं डोकं फुटलंय.
"माझा नव्हे," आई म्हणाली. चाक चालू.
मग दूधवाला. "माझा नव्हे." चाक चालू.
मग मामा आला, सख्खा.
चाक थांबलं.
मी पाच वाजता सायकल लावून आत शिरलो
तर तिने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.
बोलली काहीच नाही.
यंत्राखालचं ते पोलकं तिने पुढे कधी पुरं केलं नाही.

तिसऱ्या खोक्यात तिच्यासारखी एक भेटली,
अडीच हजार वर्षांपूर्वीची, मागावर बसलेली.
मुलगा त्सेंग शेन, पंचक्रोशीत सज्जन म्हणून मान,
आणि त्याच नावाच्या भलत्याच कुणी खून केलेला.
तिलाही तिघं सांगायला आले.
तिसऱ्याला तिने धोटा टाकला
आणि अंगणाची भिंत चढून पळाली.
लिहिणाऱ्याने तात्पर्य काढलंय, अफवेचं वगैरे.
मला त्यात रस नाही.
पलीकडे उतरताना तिचा गुडघा फुटला असेल,
ते कुणी लिहिलं नाही.
आणि संध्याकाळी तो घरी आला तेव्हा
दोघं काय जेवले.

गेल्या फाल्गुनात पेपरात माझं नाव, काळ्या चौकटीत.
सकाळपासून फोन. मी सांगत राहिलो, "मी नव्हे."
तिसऱ्या फोननंतर
उगाच मनगटावर दोन बोटं ठेवून पाहिली.

बेसण्याला गेलो. चार ते सहा, पांढरा झब्बा.
फोटोतलं कपाळ माझ्याहून रुंद,
भुवईवर जुनी खूण.
दगडाची असेल, काठीची असेल.
पन्नास वर्षांत एकदा विचारायला हवं होतं.

त्याच्या मुलीने वही पुढे केली.
सवयीने लिहिलं: आडनाव, स्वल्पविराम,
नाव.
तिने वाचलं. फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"काका, थांबा हं," म्हणाली,
"तुमचं एक पत्र आहे आमच्याकडे.
बाबांनी फोडलं नव्हतं."

ती आतल्या खोलीत गेली आहे.
कपाट उघडल्याचा आवाज येतोय.