वजाबाकी

साठेनगरच्या दवाखान्यात तान्ह्यांचा काटा
मार्चपासून बंद.
दुरुस्तीचा अर्ज तिसऱ्यांदा वॉर्ड ऑफिसात गेलाय.
तोवर मोठ्या काट्यावर आईला पोरासकट उभं करायचं,
मग आईला एकटीला,
आणि मधली वजाबाकी म्हणजे बाळ.

रंजीता खंदारे. चपला काढ.
कमरेची किल्ली इथं ठेव, टेबलावर.
गौतमीचं टोपरं काढ, वाळे काढ.
करदोटा राहू दे, त्याला कितीसं वजन.

चव्वेचाळीस पूर्णांक दोन.

आता हिला मावशींकडे दे.
मावशींच्या खांद्यावर गौतमी अशी किंचाळते
जणू आम्ही तिची आई जप्त करतोय.

छत्तीस पूर्णांक चार.

म्हणजे सात किलो आठशे. वय एकोणीस महिने.
तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात टिंब दिलं,
मागच्या दोन टिंबांना जोडलं.
रेघ आडवी. पट्टी न लावता सरळ.
मला आडव्या रेघेची भीती जास्त,
घसरलेली निदान ओरडते तरी.

दिवसातून पाचदा भरव, थोडं थोडं.
खिचडीवर चमचाभर तेल. रोज एक अंडं.
ती मान हलवते.
नखांत जीन्सचा निळा धागा अडकलाय,
तो दातांनी काढत विचारते,
अंडं दोघींत अर्धं अर्धं केलं तर चालेल?

फॉर्मात रकाना आहे
मुलीच्या वजनाचा, उंचीचा, दंडाच्या घेराचा,
आईच्या अंगठ्याचासुद्धा आहे.
छत्तीस पूर्णांक चारला नाही.
तो आकडा वजा करण्यापुरता.

बाहेर अजून अकराजणी बसल्या होत्या.
तरी म्हटलं, भिंतीला टेक. टाचा मागे. नजर समोर.
"माझी उंची? मी आता थोडीच वाढणारे, सिस्टर."
अंबाडा सोड, डोक्याला फळी लागू दे.
एकशे अठ्ठेचाळीस.

मोबाइलवर भागाकार केला, दोनदा.
सोळा पूर्णांक सहा.
साडेअठरा तरी हवा होता.
समासात लिहिला, पेन्सिलीनं, बारीक,
मॅडम जिथं सहसा बघत नाहीत तिथं.
आणि लिहून झाल्यावर कळेना
आता हा कोणाला दाखवायचा.

केस बांधता बांधता तिनं विचारलं,
"पास ना?"
कोण?
"गौतमी. दुसरं कोण?"

अंडं अर्धं करू नकोस, एवढंच म्हणाले.

ती किल्ली विसरून निघाली, मावशींनी हाक मारली.
काटा रिकामा झाला.
जुना आहे, शून्यावर यायला वेळ घेतो.
पुढचीला म्हटलं, थांब जरा.