हाव

अर्जाच्या सहाव्या पानावर, खालच्या अंगाला,
मुंगीएवढ्या अक्षरांत विचारलंय:
गेल्या सात वर्षांत आपले कोणतेही कर्ज
थकीत, तडजोडीने बंद वा न्यायप्रविष्ट होते काय?
पुढं दोन चौकोन. होय. नाही.
दोन्ही सारखेच रिकामे.

असली पानं मी हजारांनी काढलीत.
परभणीच्या कोर्टासमोर, लिंबाच्या बुडाशी,
प्रयाग झेरॉक्स. पानाला दीड रुपया,
वकिलांच्या कारकुनांना एक.
लोकांचे बेबाकी दाखले, लोकांची शपथपत्रं,
काचेखालून हिरवा उजेड सरकायचा
अन् खरं-खोटं काही न विचारता
जसंच्या तसं बाहेर यायचं, कोमट.
मग त्यावर कुणीतरी शिक्का मारायचं: सत्यप्रत.

दुसरं मशीन रंगीत घेतलं.
तीन लाख ऐंशी हजार. अकरा हप्ते तारखेला.
बाराव्याला कोर्टालाच कुलूप.
माणसंच नाहीत तर प्रती कशाच्या?
मग फोन. आधी मॅडम, मग ताई, मग नुसतं काय गं.
एकदा हिंगोलीला मामेसासऱ्यांना लावला,
तुमची सून कुठं पळाली म्हणून.
मी घरात होते. शेंगा सोलत होते.

मशीन उन्हाळ्यात नेलं त्यांनी.
टेम्पोत आडवं टाकलं, तेव्हा मी म्हणलं,
उभं ठेवा, पावडर सांडंल.
तेवढंच बोलले त्या दिवशी.

राहिलेलं पाटल्या मोडून एक लाख दहात मिटवलं.
कागद आला, त्यावर एकच शब्द: सेटल्ड.
आमच्याकडं हे पोरीबाळींचं विचारतात,
सिंधूची थोरली सेटल झाली का?
झाली म्हणलं की पेढे.
माझ्या नावापुढं तोच शब्द
कॉम्प्युटरमधी डाग होऊन बसला.

अन् आता ही नोकरी. वसमत रोडला, सोनेतारण कंपनीत,
रोखपालाची जागा. काचेच्या आत बसायचं,
दुसऱ्यांच्या पाटल्या मोजून घ्यायच्या.
दीर म्हणाले, नाहीवर खूण कर, कोण बघतंय?
नवरा काही बोलला नाही.
उगाच पंख्याचं बटण बंद-चालू करत बसला.
मी दोन्ही चौकोन कोरे ठेवून अर्ज दिला.

मंगळवारी तपासणीला पोरगा आला.
जालन्याचा, मुजीब नाव, पाठीला बॅग, उन्हानं लाल.
आधी कुंताबाईची कडी वाजवून
माझी चौकशी करून आला होता.
तिनं काय सांगितलं, तिलाच ठाऊक.
तांब्याभर पाणी प्याला, मग सहावं पान काढलं.
"मॅडम, हे कोरंच राहिलंय.
होतं का थकलेलं?"

"हाव," म्हणलं मी.

आमच्या बोलीत हाव म्हणजे होय.
पुस्तकात हाव म्हणजे ते दुसरंच,
कितीबी मिळालं तरी पुरत नाही ते.
शाळेत बाई हातावर पट्टी मारायच्या,
होय म्हण, होय.
रंगीत मशीन आणलं तेव्हा
त्यातली कोणती हाव होती माझी,
ते मला अजून सांगता येत नाही.
मुजीब घरी हौ म्हणत असंल.
त्याला एकच अर्थ कळला.
त्यानं खूण केली, एवढी दाबून
की सातव्या पानावरबी उमटली.

कारण लिहायला दीड ओळ होती.
मी लिहिलं: कोर्ट बंद होतं. जमलं तेवढं फेडलं.
बाकीचं त्यांनी सोडलं, मी नाही.
शेवटचे दोन शब्द समासात गेले.

"सोबत काही कागद?"
पत्र्याच्या पेटीतून काढले. अकरा पावत्या, ते पत्र.
"झेरॉक्स असंल ना?"
मला हसूच आलं. तो बावचळला.

चौकातल्या दुकानात गेले, पानाला तीन रुपये.
एक नवखं पोरगं मशीनवर.
हिरवा उजेड सरकला, पान आलं, कोमट,
माझ्या नावावर एक काळा ठिपका.
दुसरं काढलं, तिथंच ठिपका.
मी म्हणलं, ड्रम पुसून घे बाळा,
मऊ फडक्यानं. कोरड्या.