कोरडे हात

हिप्परग्याच्या तलावावर केराबाई भोईण
जाळं झटकते तेव्हा
तिच्या कोपरापर्यंत एक चकाकी चढलेली असते.
पाण्याची नव्हे. पाण्याहून दाट,
बोटं फाकवली की तार धरणारी.
मी विचारलं, हे काय गं?
म्हणाली, माशाचं आंगडं.

मी अशोक चौकातला. टॉवेलाच्या मागावर एकोणीस वर्षं.
कापड मला कुणी शिकवू नये.
पण या आंगड्याला ना ताणा, ना बाणा.
मासा ते अंगातूनच पाझरत राहतो,
पाणी धुऊन नेतं तेवढं पुन्हा घालतो,
जन्मभर एकच पाळी,
शनिवारचा पगार नाही.

तळ्यातला मासा पाणी पीत नाही, ती म्हणाली.
मी हसलो. तिनं हसू दिलं.
मग म्हणाली, त्याच्या रक्तात मीठ असतं, बाहेर सगळं गोडं,
आणि गोडं पाणी मिठाकडं ओढ घेतं.
कल्ल्यांतून तर घुसतंच,
कातडीतूनही घुसलं असतं,
ही बुळबुळ आणि हे खवले दार लावून बसलेत म्हणून बरं.
तरी आत आलेलं
बिचारा दिवसभर मुतून बाहेर काढतो.

आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी.
घागरी रांगेत लागतात, बायका भांडतात,
आणि इथं एक जण
पाण्याला उंबऱ्यावर थोपवून धरतोय.

वीतभर चिलापी घेतली तिच्याकडून, जिवंत,
कळशीतून बसनं आणली, घरामागच्या हौदात सोडली.
भार्गवी टाळी वाजवायची.
रोज पाळी सुटली की मी तिला उचलायचो
पोरीला दाखवायला:
बघ, कुशीवरून ही टिंबांची रेघ.
पाणी हललेलं हिला कळतं.
हौदाला टिचकी मार, मासा आधी वळतो, आवाज नंतर.
ती रेघ मधेच तुटलेली,
एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरू झालेली.
बघून मला बरं वाटलं.
तुटल्या धाग्याला गाठ मारून
मीही असाच पुढं चालू होतो.

चौथ्या दिवशी अंगावर कापूस.

खरंच कापूस. पांढरा, पिंजलेला,
शेडमधून सुटताना माझ्या भुवयांवर असतो तसा.
एका कुशीवर चार पट्टे,
दुसऱ्या कुशीवर एक, आखूड, जाड.
मी हौदाशी उभा राहून
आपला हात हवेत धरून बघितला.
जुळला.

केराबाई ओरडली नाही.
एवढंच विचारलं, कोरड्या हातानं धरलीस?
आधी हात भिजवायचे, लेका.
तुझ्या तळव्याला आंगडं पुसून जातं,
उघड्या जागी बुरशी बसते,
आणि पाणीही तिथूनच आत शिरतं.
जा, खडेमीठ टाक हौदात, मूठभर.
आत-बाहेरचं भांडण थोडं कमी होईल.

मीठ टाकलं. हौदाकाठी बसलो.
भार्गवीनं विचारलं, आता ती रडतेय का, म्हणून पाणी खारट?
मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, माहीत नाही.

पट्टे झडले, एकेक करून. बारा दिवस लागले.
अंगठ्याच्या जागी
काळपट डाग राहिला. तिथले खवले वेडेवाकडे आले,
ओळ चुकलेल्या विणीसारखे.

परवा पाळीवर ताणा तुटला.
गाठ मारायला वाकलो,
आणि काय झालं कुणास ठाऊक,
आधी माठाकडं गेलो,
दोन्ही हात मनगटापर्यंत भिजवले,
आणि हलक्या हातानं सूत धरलं.

मुकादम बोद्दुल शेडच्या त्या टोकावरून ओरडला:
अय, ओल्या हातानं सुताला शिवतोस? डाग पडतील की!
मी हात विजारीला पुसले.
माग सुरू झाला.
कापूस उडू लागला, हळूहळू,
माझ्या कानांवर, मानेवर,
उघड्या दंडांवर.