बारा आट्यांचा बोल्ट

इर्शाद मुजावरनं राउटर भिंतीला टांगला,
हिरवे दिवे लागले ओळीनं,
माडीवरचा टीव्ही आपोआप जागा झाला.
मालनचा टॅब मात्र नुसता गोल फिरत राहिला.

पासवर्ड बरोबर.
मी टाकला, त्यानं टाकला,
मालननं स्वतः टाकला, एकेक अक्षर तोंडानं म्हणत.
‘जोडता येत नाही.’
प्रिंटरही तसाच, लाल डोळा मिचकावत,
बारा वर्षांचा, भिशीच्या पावत्या छापून झिजलेला.

‘काका, टाका की आता अडगळीत,’ इर्शाद म्हणाला,
‘राउटर नव्या भाषेत बोलतोय,
ह्यांना ती येत न्हाई.’

मी उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर उभा होतो.
भाषेचं मला कळत नाही, आट्यांचं कळतं.
अर्धा इंची बोल्ट, इंचाला बारा आटे, जुन्या विलायती मापाचा.
त्याला तेरा आट्यांचा नट आणला तर
डोळ्याला सारखाच दिसतो,
बोटानं दोन फेरे गोड बसतो,
मग चावतो.
तिथं पाना लावून जोर करणाऱ्याच्या
कानाखाली वाजवायचे आमचे दाजीबा मिस्त्री.
‘बोल्ट वाईट न्हाई, नट वाईट न्हाई.
आधी माप इचार.’

म्हणून इर्शादला माप विचारलं.

त्यानं बशीतला चहा संपवला,
मोबाइलवर राउटरचं पोट उघडलं.
एक लाट जलद, म्हणाला, पण भिंतीला दमते.
दुसरी सावकाश, दगडातूनही जाते,
जुन्यांना तेवढीच ऐकू येते.
शिवाय नवं कुलूप जुनी किल्ली ओळखत नाही,
ते एक पायरी खाली उतरवायला लागतंय.
‘पण सगळ्या घराचं नको.
ह्यांच्यापुरतं येगळं दार काढतो.
जरा कच्चं असतंय हे दार काका,
बँकेचं काही ह्यावरनं करू नका.’

एका राउटरला दोन नावं.
पहिलं स्मितलनं पुण्याहून कळवलेलं, काहीतरी इंग्रजी.
दुसऱ्याला काय देऊ, त्यानं विचारलं.
मालन आतून म्हणाली, ‘आमचं आमचं.’
तेच टाकलं त्यानं.

टॅब फिरायचा थांबला.
प्रिंटर आधी खोकला,
मग जुना राउटर जळाल्यापासून अडकलेल्या
एकोणीस पावत्या एकदम ओकला.
एवढे दिवस कुणी सांगितलेलं
विसरलेलं नव्हतं कुणी.

स्मितल दर रविवारी दिसते, टॅबच्या तडा गेलेल्या कोपऱ्यात.
‘आई, मी शनिवारी येते.’
येते.
ऑफिसात कुणीतरी हसलं असणार,
पोरगी असून ‘आलो’ म्हणते म्हणून.
मालन अजून म्हणते, ‘मी जेवलो’, ‘मी भाजी घेऊन आलो’,
आमच्या मंगळवार पेठेत सगळ्या बायका तशाच बोलतात,
कुणाचा घोटाळा होत नाही.
मायलेकींचं दोन फेरे गोड बसतं,
मग कुठंतरी चावतं,
मालन म्हणते, ‘बरं, ठेवतो.’
तिकडून उत्तर, ‘ठेवते.’

मी मध्ये पडत नाही.
दाजीबांचा हात अजून आठवतो.

शनिवारी गाडी उशिरा पोचली.
साडेअकराला बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली,
चाकाची बॅग फरशीवरून खडखडत आली,
आमच्या दाराशी गप्प झाली.
फोन नाही, बेल नाही.
‘आई, दार काढ. आलो.’

मालन काही बोलली नाही.
दार काढलं, बॅग घेतली,
निवलेला भात पुन्हा गॅसवर ठेवला.
मला काय करावं सुचेना.
प्रिंटर चालू आहे का बघायला
मी एक कोरा कागद छापला.