चुंबक सोबत ने

चुंबक सोबत ने, दस्तगीर म्हणाला.
रंगावर जाऊ नको. रंग म्हणजे लग्नातला फेटा,
खाली टक्कल असतंय.

म्हणून जुन्या स्पीकरमधलं चुंबक शर्टाच्या खिशात घालून
अक्कलकोट रोडच्या त्या बंद टॉवेल कारखान्यात गेलो.
सायझिंगच्या पिंपांमागं, ताडपत्रीखाली
ती उभी होती:
एकोणीसशे एकाहत्तरची मस्टँग,
डावीकडं स्टिअरिंग, नाक हे एवढं लांब.
कुवेतला वेल्डिंग करून आलेल्या कुणा ख्वाजाभाईंनी
जहाजातून आणलेली.

विकणारा रेवणसिद्ध हत्तुरे.
खुर्ची आणली, चहा आणला,
भाव तेवढा तोंडावर आणला नाही.
'आधी बघा की. बघायला काय पैसे पडतात?'

बोनेटवर चुंबक चिकटलं. छतावर चिकटलं.
मागच्या चाकावरच्या कमानीला लावलं
तर टप् करून खाली पडलं.
आत नुसती लांबी भरलेली.
तेवढ्याशा आवाजानं पंचवीस हजार उतरले.

दस्तगीरचं एकेक आठवत गेलं.
गालिचा उचल. खाली रस्ता दिसला तर नमस्कार कर आणि निघ.
(मला रस्ता नाही, एक मुंगळा दिसला.)
चासीचा नंबर खडूनं घास, पुस्तकाशी ताडून बघ.
पुस्तकातला मालक जिवंत आहे का, विचार.
नव्हता.
दोन मुलगे पुण्यात, मुलगी विजापुरात,
सह्या तिघांच्या लागणार
आणि तिघं एकमेकांशी बोलत नाहीत.
पेट्रोल लिटरला चार, उतारावर पाच.
ब्रेकचं सामान मिळत नाही. पुढची काच तर विसरच.
आणि आतलं इंजिन मूळचं आहे का बघ बे,
मॅटाडोरचं डिझेल बसवलेलं असलं
तर वाघाच्या कातड्यात शेळी नेतोयस घरी.

मूळचं होतं.

दार उघडताना आतली पट्टी सुटली
आणि माझ्या पायावर वाळू सांडली.
बारीक, फिकट,
आपल्या सीनेच्या वाळूसारखी नव्हे.
इतकी वर्षं दारात बसून होती.
हत्तुरेनं चपलेनं बाजूला सारली
आणि चावी फिरवली.

बत्तीस वर्षं मी जॉबर होतो.
चोवीस माग एका वेळी धडधडायचे
आणि मी डोळे मिटून सांगायचो,
सतरा नंबरचा धोटा उशिरा येतोय.
शेवटी घेतलेले स्वतःचे चार माग
भंगारात गेले, किलोवर.
ते पैसे खिशात होते, चुंबकाशेजारी.
कानाला मात्र कुणी भाव विचारला नव्हता.

इंजिन खोकलं, काळं थुंकलं, लागलं.
पत्रे थरथरले. पारवे उडाले.
'ऐका! वाघ!' हत्तुरे ओरडला.

ऐकलं. सात होते.
आठव्या जागी नुसता वारा,
ताण्यात एक धागा तुटावा आणि कापड पुढं जात राहावं तसा.
'उजव्या ओळीतलं तिसरं,' मी म्हणालो. 'मेलंय ते.'
त्यानं तिथली वायर उपसली.
आवाजात काडीचा फरक पडला नाही.
पडला तो त्याचा चेहरा.

रात्री नागमणी मांडीवर विड्यांचं सूप घेऊन बसलेली.
सगळं सांगितलं. वाळूचंही.
'एक्कडिकी?' एवढंच विचारलं तिनं.
कुठं जायचंय तिच्यातून?
मला शेजारचं तुळजापूरसुद्धा सुचलं नाही.

इसार अजून दिलेला नाही.
संध्याकाळी ऊन उतरलं की जातो.
पेट्रोल माझं, चावी हत्तुरेची.
तो आता वाघ म्हणत नाही,
गुपचूप शेजारी उभा राहतो, मान तिरकी करून,
आणि मधेच विचारतो, 'आत्ता? आत्ता चुकला काय?'
शिकतोय.

चुंबक नागमणीनं ठेवून घेतलंय,
फरशीवरच्या सुया वेचायला.

विजापूरच्या मुलीनं सही केली म्हणे.
पुण्याचे दोघं राहिलेत.