निकाल शेवटी

लेंगऱ्याच्या शाळेत मी मराठी शिकवते.
खो-खोमधलं मला खांबाइतकंच कळतं:
आपण उभं राहायचं, बाकीचे पळतात.
पण सहावीच्या तोंडी परीक्षेत एक ओळ होती,
'पाहिलेल्या सामन्याचे वर्णन करा. गुण पाच.'

विचारलं, काल मैदानावर काय झालं?
अख्खा वर्ग एका दमात, "बाई, आपण जिंकलो!"
बरं, मग?
"मग काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मैदानाकडे पाठ करून बसवला.
मांडीवर पाटी, पाटीवर दोन खांब, मध्ये आठ चौकोन.
उरलेल्यांनी बघायचं आणि सांगायचं,
पाठमोऱ्यांनी ऐकून ठिपका सरकवायचा.

"पळाली!"
कोण?
"ती की वो!"
कुठं?
"ह्या अंगाला!"
आणि बोट दाखवलं,
बारा पाठमोऱ्या डोक्यांना.

म्हटलं, हात खिशात घाला.
ज्यांना खिसे नव्हते त्या मुली
हातांवर बसल्या.

मग हळूहळू शब्द निघाले.
एक खांब नळाकडचा झाला, दुसरा चिंचेकडचा.
'ती' ची आल्फिया मुलाणी झाली,
'पळाली' ची कधी निसटली, कधी वाकली,
कधी नुसतीच हुलकावणी देऊन जागेवर थांबली.
सिद्धनाथ हसबे, जो वर्षभरात
'हजर' सोडून फारसं काही बोलला नव्हता,
हातांवर बसून म्हणाला,
"आल्फिया बघतीया नळाकडं,
पर तिचा पाय चिंचेकडं निघालाय."
बारा पाट्यांवर बारा ठिपके चिंचेकडे सरकले
आणि मग आल्फिया पळाली.

मीही शिकले. खो पाठीमागून द्यायचा,
हात लागला पाहिजे आणि आवाजही आला पाहिजे,
नुसता हात चालत नाही, नुसता आवाज तर नाहीच.
वीस वर्षं व्याकरण शिकवतेय,
इतका नेमका नियम माझ्याकडे एकही नाही.

फळ्यावर एकच सूचना लिहिली होती:
निकाल शेवटी सांगायचा.
ती तीन आठवडे कुणी पुसली नाही.

विट्याला तालुक्याचा सामना झाला त्या रात्री
साडेनऊला अनोळखी नंबर.
"बाई, मी सिद्धनाथचा वडील.
तिरुनेलवेलीवरनं बोलतोय, गलाईच्या दुकानातनं."
मागे भट्टीचा पंखा घुमत होता.
"एरवी पोराला विचारलं तर काय न्हाय म्हणतंय,
फोन आईच्या हातात देतंय.
आज तेवीस मिनिटं बोलत हुतं, बाई.
मी भट्टी बारीक केली, फोन मोठ्यानं लावला.
शेवटची पोरगी राहिलेली त्यांची,
चाळीस सेकंद उरल्यालं,
आपली दिव्यांका बसस्टँडकडच्या खांबाला वळसा घालून
तिच्या मागं सुटली...
आन् घरातला मोबाइल बंद पडला.
गावात लाइट न्हाय म्हणं सकाळपासनं.
सात जण थांबलोय हितं.
त्यातला एक तमिळ हाय, त्याला कळतंय काय म्हाईत न्हाय,
पर त्यो बी उठंना.
काय झालं वो म्होरं?"

शब्द ओठांवर आला होता.
एका शब्दाचं काम, सातही जण
जेवायला मोकळे झाले असते.
पण फळा आठवला.
खरं तर फळा नाही,
बारा पाट्यांवरचे ते थांबलेले ठिपके.

मी खुर्ची ओढून बसले.
एक हात मोकळा होता, तो मांडीखाली घेतला.
"ऐका," म्हटलं,
"सगळ्यांना जवळ घ्या.
ऊन बसस्टँडच्या बाजूनं येत होतं, उतरतं.
दिव्यांकाची सावली तिच्यापुढं चार हात पळत होती
आणि ती सावली
त्या पोरीच्या पाठीला केव्हाच शिवली होती.
पण सावलीनं गडी बाद होत नाही, हसबे.
तिथून पुढं सांगते."